बारावं माप

टंग्‌.

एवढाच आवाज झाला. पण रविवारी दुपारी अडीच वाजता भिंगरीच्या घरात जी शांतता असते, ती काही आपोआप पडलेली नसते. तीन गोष्टी सांगून, दोनदा पाणी पाजून आणि एकदा खोटंखोटं घोरून ती मिळवावी लागते. त्यामुळे भिंगरीची आई जागच्या जागी श्वास रोखून उभी राहिली. पाच वर्षांची भिंगरी कुशीवर वळली, पण उठली नाही. आतल्या खोलीतून सासूबाईंनी झोपेतच "कोण आलंय बघा गं" म्हटलं आणि पुन्हा घोरायला लागल्या. भिंगरीच्या बाबाचा प्रश्न नव्हता. तो छप्पर कोसळलं तरी आधी पांघरूण सारखं करणाऱ्यांतला.

आवाज माळ्यावरून आला होता. स्टुलावर चढून पाहिलं तर जुनी गादी, बंद पडलेला मिक्सर, सुटा करून बांधून ठेवलेला पाळणा आणि त्यामागे खोळ घातलेली गिटार. गिटार नवऱ्याची. लग्नाआधी तो एक गाणं अर्धं वाजवत असे, एवढाच तिचा इतिहास. उरलेलं अर्धं लग्नानंतर शिकायचं ठरलं होतं. खोळ काढली तर एक तार तुटून शेपटासारखी वर वळलेली.

आता दुसरी एखादी असती तर तिने खोळ परत घातली असती. पण भिंगरीच्या आईला लहानपणापासून एक खोड होती. तिला गोष्टी विचित्र वाटत, आणि वाटल्या की डोक्यातून जात नसत. वापरून वापरून वस्तू तुटते हे ठीक. पण कोणी हात लावत नसताना, अंधारात, गादीमागे, एक तार स्वतःहून तुटते म्हणजे काय? सात दिवस हे तिच्या डोक्यात राहिलं आणि आठव्या दिवशी ती वाद्यांच्या दुकानात गेली. एक तार घ्यायची, लावायची, गिटार परत माळ्यावर. एवढंच काम होतं.

दुकानदाराने गिटारीकडे दातांचे डॉक्टर बघतात तसं बघितलं. एकच तार कधी बदलत नाहीत, असं त्याने समजावून सांगितलं. नवी तार आली की बाकीच्या पाच रुसतात. सहाही बदलायच्या ठरल्या. तारा ओवता ओवता त्याने सहज विचारलं, "ताई, तुम्ही वाजवता काय?"

खरं उत्तर होतं, काही नाही. पण मागे दोन कॉलेजातली पोरं उभी होती, आणि आपण फक्त तुटकी तार घेऊन आलेली कोणाचीतरी आई आहोत हे त्यांच्यासमोर कबूल करायला तिची जीभ वळेना. काउंटरवर एक पुस्तिका पडली होती. तिच्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे."

घरी येऊन पाहिलं तर 'हे' म्हणजे ब्लूज होतं, अमेरिकेतलं जुनं दुःखाचं संगीत. पाच थोर वादकांच्या ठेवणीतल्या जागा, सोबत ऐकायला एक सीडी.

पुस्तिकेचा छापखाना गरीब असावा. पाचही गुरूंचे चेहरे शाईत बुडालेले, आणि नावं अशा वळणदार अक्षरात की वाचता वाचेनात. तेव्हा तिने आपली सोय म्हणून त्यांना टोपीवाले, चष्मेवाले, बाटलीवाले, दाढीवाले आणि आजोबा अशी नावं दिली. पुस्तिकेत म्हटलं होतं की प्रत्येक मोठ्या वादकाची स्वतःची अशी चार-सहा सुरांची एक जागा असते. तिला 'लिक' म्हणतात. आपल्या ओळखीची माणसं नाही का, फोन उचलल्यावर प्रत्येक जण आपलं ठरलेलं पहिलं वाक्य बोलतो आणि नाव न सांगता कळतं? तसं. पुढचे पिढ्यान्‌पिढ्या वादक तीच वाक्यं शिकून बोलायला लागले. एक फेरी बारा मापांची. प्रत्येक मापात पायाने चार ठोके. बारा मापं झाली की वर्तुळ पुरं.

बारा चोक अठ्ठेचाळीस. इतकं तर जमेल, असं तिला वाटलं. मोठमोठ्या संकटांची सुरुवात अशा साध्या पाढ्याने होते.

घरात सीडी वाजवायला काही नव्हतं. ती ज्या कानाच्या डॉक्टरांकडे कामाला होती तिथे होतं. तिचं काम ऐकू येतं की नाही ते तपासण्याचं. पेशंटला जाड भिंतींच्या, कपाटाएवढ्या बंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन लावायचा आणि बाहेरून एकेक सूर सोडायचा. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. शिवाय एक जुना प्लेअर होता. बोलणं कितपत समजतं हे बघायला त्यावर वयस्क पेशंटना शब्द ऐकवत. डॉक्टर चहाला गेले असताना तिने त्यावर सीडी लावली आणि मोबाइलमध्ये सगळं उतरवून घेतलं.

सुरुवातीला एक निवेदक काहीतरी सांगत होता. त्याची जीभ इतकी जड होती की बिचाऱ्याच्या घरात नुकतंच काहीतरी घडलं असावं. मग टोपीवाल्यांची जागा आली. तीन सूर, एक थांबा, आणि मग एक सूर जो खालून निघाला, वर चढायला लागला, आणि पोचलाच नाही. मध्येच कुठेतरी थांबून तसाच लोंबकळला.

भिंगरीच्या आईने ते अकरा वेळा ऐकलं. तिचा दिवस जायचा नीटनेटक्या सुरांत. यंत्रावर प्रत्येक सुराला आकडा असे, आणि दोन आकड्यांच्या मध्ये यंत्र काही बोलत नसे. हा माणूस मात्र नेमका तिथेच बसला होता, जिथे यंत्राने जागाच ठेवली नव्हती.

दवाखाना दुपारी बंद असे. मग दुपारची ती पाऊण तासाची झोप, म्हणजे भिंगरीची झोप, गिटारीची झाली. आवाज होऊ नये म्हणून तारांखाली भिंगरीचा पायमोजा खुपसायचा. त्याने गिटार नाक चोंदल्यासारखी वाजे. प्लेअरमधून आलेल्या सुरांशी गिटार जुळेना, तेव्हा तिने खुंट्या पिळून सगळ्या तारा ढिल्या केल्या. नवऱ्याने एकदा हात लावून पाहिलं आणि तारा फारच सैल आहेत, असं मत दिलं. ती म्हणाली की ही माणसं तशाच ठेवायची, त्यांना कसली घाई नव्हती. मग तिने या विषयावर बरंच सांगितलं. खऱ्या दुःखाला वेग नसतो, एक सूर लावून हा आजोबा कसा वाट बघतो, आणि आपण सगळे उगाच कसे धावत असतो. नवऱ्याला ते पटलं. त्याने त्या दिवशी ऑफिसला अर्धा तास उशिरा जाऊन पाहिलं, पण तिथे कोणाला पटलं नाही.

सासूबाईंचं म्हणणं साधं होतं. वाजवायला त्यांची ना नव्हती. फक्त गाणं सुरू कधी होणार तेवढं आधी सांगावं, म्हणजे त्या हातातलं टाकून बसतील.

तिने शेवटासाठी ठेवलेले बाटलीवाले सातव्या आठवड्यात आले. हे गृहस्थ बोटात काचेची नळी घालून ती तारांवरून घसरवत. पुस्तिकेत लिहिलं होतं की औषधाची छोटी बाटलीही चालते. भिंगरीच्या खोकल्याच्या औषधाची बाटली रिकामीच होती. ती करंगळीत जाईना, म्हणून जोर केला, तर गेली. एक जागा वाजवली, अंगावर काटा आला इतकी छान वाजली. मग बाटली निघेना. साबण झाला, तेल झालं, भिंगरीने ओढून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीची आई करंगळीत खोकल्याचं औषध घालून कामावर हजर. डॉक्टर म्हणजे लहान मुलांच्या कानातून मणी, वाटाणे आणि एकदा खडूचा तुकडा काढलेला माणूस. त्यांनी तीन मिनिटांत करंगळी मोकळी केली आणि कशासाठी घातली होती, एवढंच विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "दुसऱ्या बोटात घालून बघा. करंगळी सुजते."

आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या सचिवांची चिठ्ठी आली. खालच्या मजल्यावरून ठोक्यांचा त्रास होत असल्याची लेखी तक्रार, खुलासा करावा.

खालच्या मजल्यावर राहात मोजणीकाका. जमिनींच्या मोजणीत हयात घालवून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून एकटेच. जिन्याच्या पायऱ्या, पिशवीतले बटाटे, लिफ्टला लागणारे सेकंद, सगळं मोजत. भिंगरीच्या आईचा अभिमान फार दुखावला गेला. आपण मोजा घालून, जीव मुठीत धरून, माश्यांनाही ऐकू जाणार नाही असं वाजवतो, आणि त्रास होतोय कुणाला, तर पलीकडे प्रेशर कुकरच्या सात शिट्ट्या शांतपणे मोजणाऱ्या माणसाला. तक्रार ठोक्यांची होती, म्हणजे पायाची होती, हे तिच्या लक्षातच आलं नाही. दुखावलेल्या माणसाचं वाचन नेहमीच घाईचं असतं.

सचिवांकडे ती तावातावाने गेली. सचिव भला माणूस, पण कागदाशिवाय त्यांना समोरचा माणूस दिसत नसे. त्यांनी नियमावली उघडली. वाद्याला परवानगी लागते. परवानगीला अर्ज लागतो. वाद्याचा अर्ज मात्र छापलेला नव्हता, कारण आजवर कोणी मागितला नव्हता. उपलब्ध अर्जांत सर्वांत जवळचा होता तो पाळीव प्राण्यांचा. तो तिने त्यांच्यासमोर बसून भरला. प्राण्याचा प्रकार: गिटार. वय: पंधरा. लस दिली आहे का: लागू नाही. ओरडतो का: नाही, मोजा घातलेला असतो. प्रशिक्षण कोणाकडे: पाच गुरू, सीडीवरून. चावल्याच्या घटना: एक, करंगळी.

सचिवांनी अर्ज दोनदा वाचला, शिक्का मारला आणि सांगितलं की पुढच्या सभेत सभासदांसमोर वादन व्हावं. हे संगीत आहे की आवाज, ते सभा मतदानाने ठरवील. आवाज ठरला तर गिटार इमारतीत ठेवता येणार नाही. निर्णय होईपर्यंत घरात वाजवणं स्थगित.

"आणि अर्जात पाच गुरू लिहिलेत," ते म्हणाले. "तर मूळ प्रत सोबत आणा. पडताळून घ्यावं लागेल."

ती घरी आली. भिंगरीला जेवू घालताना तिला जाणवलं की आपल्याला भीती वाटतेय. ती गिटार गेली तर काय जाईल? दिवसातला पाऊण तासच. पण त्या पाऊण तासात ती कोणाची कोणी नसे. कोणाचा डबा, कोणाची गोळी, कोणाचा बूट हरवलेला नसे. एक सूर वर चढायला निघे आणि तो कुठे थांबतो हे बघायला ती त्याच्याबरोबर जाई, बस. हे सगळं प्राण्यांच्या अर्जात कुठे लिहायचं असतं?

घरी बंदी, म्हणून तालीम कामावरच्या त्या बंद खोलीत सुरू झाली. चहाच्या सुट्टीत, दार लावून. तिथे आवाज भिंतींत जिरून जाई आणि वाजवलेलं लगेच मरे, पण तेवढीच सोय. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी बाहेर बसलेल्या एका आजींनी डॉक्टरांना सांगितलं की कपाटात कोणीतरी कण्हतंय. आजी दोन्ही कानांनी जवळजवळ बहिऱ्या म्हणून आलेल्या. डॉक्टरांनी हातातली फाइल खाली ठेवली. आजींचे कान बरे झाले किंवा भिंतीला भोक पडलं, यातलं एक खरं असणार. त्यांनी दार उघडलं.

"कुठवर आलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने सांगितलं की अकरा मापं येतात. बारावं आलं की अडतं. शेवटच्या मापात आजोबांची जागा आहे, ती इतकी अवघड की बोटांकडे बघायला गेलं की पाय थांबतो. पाय धरला तर बोटं विसरतात. दोन्ही एकदम होत नाही. डॉक्टर म्हणाले की सभा होईपर्यंत आजींना ते कपाटापासून लांबच्या खुर्चीत बसवतील.

सभा जिन्याखालच्या मोकळ्या खोलीत भरली. तेरा सभासद, प्लास्टिकच्या खुर्च्या, विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, दुचाकींची जागा आणि तिसरा विषय गिटार. टाकीवर दीड तास गेला. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, हातातलं सगळं टाकून. भिंगरी बाबाच्या मांडीवर. आणि समोर, अगदी समोर, हात मांडीवर ठेवून मोजणीकाका.

मोजा काढलेला होता. पहिला सूर निघाला तसा भिंगरीच्या आईला तो आपला वाटेचना, इतका मोठा. पण पायाने चार मोजले आणि टोपीवाले आले, मग चष्मेवाले. बाटली यावेळी तिसऱ्या बोटात होती आणि घसरली ती छान घसरली. मागे कोणीतरी खोकायचं थांबलं. दाढीवाले गेले. नववं, दहावं, अकरावं. आणि बारावं माप आलं तसं जे व्हायचं तेच झालं. तिने बोटांकडे पाहिलं, आणि पाय थांबला.

ठोका मात्र पडला.

तिने वर पाहिलं नाही, वर पाहण्याची सोयच नव्हती. पण समोरच्या खुर्चीखालून एक जाड तळव्याची चप्पल फरशीवर पडत होती. एक. दोन. आजोबांचा सूर खालून निघाला. तीन. वर चढला, पोचला नाही, लोंबकळला. चार.

वर्तुळ पुरं झालं. मोजणीकाकांनी हळूच सुस्कारा सोडला आणि चष्मा पुसायला काढला.

त्यानंतर मग सचिवांनी मूळ प्रत मागितली. त्यांनी सोसायटीच्या ध्वनिक्षेपकावर सीडी लावली आणि तपासणीला उभे राहतात तसे उभे राहिले. निवेदक बोलायला लागला, आणि त्याच्या घरात काहीही वाईट घडलेलं नव्हतं. उत्साहाने फसफसणारा तरुण होता तो. मग टोपीवाले सुरू झाले, ते पळतच आले. चष्मेवाले त्यांच्या मागे. आजोबा तर उड्या मारत होते. खिदळत होते म्हटलं तरी चालेल. मागच्या रांगेतल्या दोन बायकांचे पाय आपोआप हलायला लागले.

भिंगरीच्या आईच्या डोळ्यांसमोर कामावरचा प्लेअर आला. त्याच्या बाजूला असलेलं ते वेगाचं बटण, आणि ते कोणी हलवू नये म्हणून डॉक्टरांनी वर्षांपूर्वी चिकटवलेली पट्टी. वयस्क पेशंटना शब्द समजावेत म्हणून सावकाश. दोन महिने ती त्या पाच थोर माणसांचं दुःख शिकत होती, आणि ते दुःख त्या पट्टीचं होतं. ऑफिसला अर्धा तास उशिरा गेलेला तिचा नवरा छताकडे बघू लागला.

सचिवांनी सीडी थांबवली. त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला होता. वादन त्यांना आवडलं होतं, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण अर्जात एक लिहिलंय आणि वाजलंय भलतंच. मूळ प्रतीशी जुळत नाही. जुळत नाही ते मतदानाला कसं ठेवायचं? एकाने सुचवलं की अर्ज नव्याने भरावा. दुसऱ्याचं म्हणणं पडलं की मुळात प्रश्न ठोक्यांचा होता, तक्रारदारालाच विचारा.

मोजणीकाका उठले. सभेत ते कधी बोलत नसत, त्यामुळे खुर्च्या सरकवून सगळे त्यांच्याकडे वळले.

"मी तक्रार केलीच नव्हती," ते म्हणाले. "मी चौकशी केली होती. रोज दुपारी वरून चव्वेचाळीस ठोके येतात आणि थांबतात. चाराच्या अकरा रांगा. मग परत पहिल्यापासून. मी लिहिलं होतं, पुढचे चार कुठे जातात ते कळवावं. तुम्ही त्याचा त्रास केलात."

सचिवांनी फाइल चाळली. पत्र सापडलं. खरोखर तसंच लिहिलं होतं.

"दुपारी पडल्या पडल्या मी ते चार स्वतःच देतो पलंगावर," काका सावकाश म्हणाले. "नाहीतर डोळा लागत नाही. त्या मूळ प्रतीचं मला काही माहीत नाही. मी जे मोजलंय ते आत्ता या बाईंनी वाजवलं तेच आहे, आणि आज ते पुरं झालं. माझं मत संगीत."

मग हात वर झाले. नऊ संगीत, चार आवाज, आणि टाकीच्या विषयापासून झोपलेले एक गृहस्थ तटस्थ धरले गेले. भिंगरीच्या आईने नऊ हात पुन्हा एकदा मोजले. नववा हात सासूबाईंचा होता. त्या सभासद नाहीत हे सचिवांनाही माहीत होतं; पण ते वहीत लिहिण्यात गुंतलेले दिसले.

लोक उठले, खुर्च्या एकात एक बसल्या. कोणीतरी सचिवांना ती सीडी पुन्हा लावायला सांगितलं आणि आजोबा परत उड्या मारू लागले. नवरा गिटार खोळीत घालत होता. भिंगरी आईच्या कडेवर आली, खरं तर ती आता कडेवर घ्यायच्या वयाची राहिली नव्हती, आणि ध्वनिक्षेपकाकडे तोंड करून बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने दोन्ही हातांनी आईची हनुवटी आपल्याकडे वळवली. काहीतरी खरंच जाणून घ्यायचं असलं की ती तसं करत असे.

"आई, हे तर त्या आजोबांचं आहे. मग तू वाजवलंस ते कोणाचं होतं?"